एक माणूस, एक जागा

दाइमारा,

हे वाचून तू रागावणार. रागाव. राग आला की तुझा हात जास्त सुबक चालतो, हे मी पाहिलंय, त्यामुळे नुकसान कुणाचंच नाही. 'बाई, माझ्यावर काय लिहिण्यासारखं आहे?' असं तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसले, कारण माझ्या पायाचा अंगठा तुझ्या एका हातात होता आणि दुसऱ्या हातात कात्री होती. आता उत्तर देते. तू चुकलीस. आणि ज्या रीतीने चुकलीस, तसं चुकायला माणसाला बरोबर वागायची फार हौस असावी लागते. तेवढ्यासाठी लिहितेय. आता बाजूला बस आणि मध्येमध्ये बोलू नकोस. बाकीच्यांना पहिल्यापासून सांगायचं आहे.

दाइमाराचा जन्म आमच्या बायामो गावातला, रेल्वेफाटकाच्या अलीकडच्या गल्लीतला. बाप आर्सेनिओ टांगेवाला. आठ माणसं बसतील असा टांगा आणि कानेलो नावाचा दालचिनीच्या रंगाचा घोडा. ती नऊ वर्षांची असताना आई कामाग्वे शहराच्या एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली. गेली ती गेली. त्यावर त्या घरात एका शब्दाची चर्चा झाली नाही, आणि पोरीला चर्चेची भूक लागली ती तिथूनच, असं माझं मत आहे.

आर्सेनिओला फिट येतात. बापाच्या डोक्याखाली टॉवेलची घडी सारायची, त्याला कुशीवर वळवायचं आणि भिंतीवरच्या घड्याळात मिनिटं मोजायची, हे ती नवव्या वर्षी शिकली. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर वर्ष-वर्ष काही होत नाही. चार दिवस चुकल्या की माणूस आडवा. आणि टांगेवाला रस्त्यात आडवा झाल्याचं दोनदा कुणी कळवलं, की परवाना जातो. परवान्यामागे घोडा जातो. म्हणून त्या घरात देवाच्या तसबिरीपेक्षा गोळ्यांच्या डबीकडे जास्त वेळा बघितलं जातं.

शाळा सुटली की ती बापाशेजारी टांग्यावर चढायची आणि मागच्या भांडणांचे निवाडे करायची. म्हातारी चढली तर उठायचं कुणी? ज्याच्याकडे पिशवी आहे त्याने, की जो तरुण आहे त्याने? "ज्याला आधी उतरायचंय त्याने," दहा वर्षांची दाइमारा मागे वळून सांगायची, आणि मोठी माणसं उठायची. आर्सेनिओ खूश. "माझी पोरगी वकील होणार." वकील काही झाली नाही. हिशेबनिशीचं दीड वर्ष विद्यापीठात काढलं, मग बापाची दोन वर्षं वाईट गेली आणि तिने शिक्षण सोडून घराच्या पुढच्या खोलीत नखं रंगवायला सुरुवात केली. त्याआधी शाळेत, रसायनशास्त्रात, ती माझी विद्यार्थिनी होती. समीकरणं झटपट सोडवायची आणि शेवटी एकदा ताळा करून बघायचं तेवढं विसरायची.

साथीच्या वर्षात सगळे घरात कोंडले गेले तेव्हा तिने फोनवर एक गट काढला. नाव 'फूटपाथ'. संध्याकाळी फूटपाथवर खुर्च्या टाकून बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून हे नाव. दहाबारा जणांचे बघता बघता एकशेसाठ झाले, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. काही इथले, काही शेजारच्या मान्सानियोचे, काही देश सोडून गेलेले. नियम तीन: राजकारण नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि आवाजी निरोप एका मिनिटाच्या आत, कारण डेटा महाग. रोज संध्याकाळी सहाला एक प्रश्न. बरोबर की चूक, ते मत द्यायचं.

हात रंगात गुंतलेले असल्यामुळे दाइमारा निरोप मोठ्याने लावून ठेवायची. त्यामुळे खुर्चीतली गिऱ्हाइकंही सभासद असल्यासारखीच.

"प्रश्न असा," फोनमधून रेइनिएरचा आवाज. हा कायद्याचा विद्यार्थी, सकाळी दात घासतानाही युक्तिवाद करत असणार. "दारात पाहुणी आलीय आणि डब्यात कॉफी एकाच कपाची आहे. दार उघडावं का? माझं म्हणणं, उघडावं आणि अर्धी-अर्धी घ्यावी."

"अर्धी कॉफी?" बेकरीतली मिगदालिया एक हात कोमट पाण्यात बुडवून ओरडली. "त्यापेक्षा मी श्वास रोखून पलंगाखाली बसेन!"

"मिगदालियाकाकू, हे रेकॉर्ड झालं हं," दाइमारा म्हणाली.

"होऊ दे. माझ्या नणंदेला पाठव."

शेजारणीच्या कोंबडीने आपल्या अंगणात घातलेलं अंडं कुणाचं, यावर दोन दिवस गेले. स्पेनला गेलेल्या मैत्रिणीला तिच्या नवऱ्याचं इथलं प्रकरण सांगावं की नाही, यावर चार दिवस. तिसऱ्या दिवशी स्पेनमधल्या दोन सभासद बायकांनी धास्तावून 'ही नक्की कोण?' असं विचारलं. दाइमारा कधी कुणाचं नाव सांगायची नाही. आणि शेवटी ती जो निकाल द्यायची, तो बहुतेकांना पटायचा. या पोरांना फोनवर नुसता वेळ घालवायचा असतो असं म्हणणारे म्हातारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत. त्यांनी आयुष्यात एकदा तरी अंड्याचा एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं.

आता रांगेची गोष्ट. औषधांची गाडी दर दहाबारा दिवसांनी येते. गाडीच्या दिवशी पहाटेपासून माणसं दवाखान्याशेजारच्या औषधाच्या दुकानापाशी जमतात. आलं की विचारायचं, "शेवटचं कोण?" एक हात वर होतो. ते तोंड लक्षात ठेवायचं, आपल्यामागे येईल त्याला आपलं तोंड दाखवायचं, आणि मग खुशाल सावलीत बसायचं, पाव आणायला जायचं, घरी जाऊन भात उतरवून यायचं. मागच्याला सांगून गेलं की झालं. तुमची जागा तुमच्या पायाखाली नसते. मागच्याच्या आठवणीत असते. आणि तोच त्याच्यामागच्याला सांगू शकतो, की माझ्यापुढे अजून दोघं आहेत, येतील. माझी हयात या पद्धतीत गेली. भांडणं झाली, पण रांग मोडली नाही.

आमच्या गल्लीत ही कामं सोइला करते. सत्तरीची, पूर्वी शाळेच्या भटारखान्यात होती. पहाटे पाचला पिठाच्या पिशवीची घडी बुडाखाली घेऊन पायरीवर बसते आणि ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी जागा धरते. स्वतःची एक, आणखी सहा. प्रत्येकाचं औषधाचं कार्ड तिच्याकडे, सातही कार्डं रबराने बांधलेली. कुणाकडून काही घेत नाही. तोंड मात्र फटकळ.

त्या मंगळवारी दाइमारा एकतिसावी होती. बापाच्या डबीत सहा गोळ्या उरल्या होत्या, तीन दिवसांच्या. सोइला चौथी. खिडकी उघडली, सोइलाने रबर सोडलं आणि सात कार्डं सरकवली. दाइमाराने ते पाहिलं. रांग पुढे सरकत गेली आणि तिच्यापुढे तिघं उरले असताना खिडकीतल्या बाईने मान हलवली.

"फिटच्या गोळ्या संपल्या. पुढच्या खेपेला या."

"ताई, एक पाकीट तरी? बाबा टांगा चालवतात हो."

"पोरी, माझ्या पोटातून काढून देऊ का?"

घरी येऊन तिने सहा गोळ्यांचे सुरीने बारा तुकडे केले. आर्सेनिओ म्हणाला, "अर्ध्यावरही भागेल. मी काही हत्ती नाही." त्या संध्याकाळी सहाला फूटपाथवर प्रश्न आला, दाइमाराच्या आवाजात: एका बाईने रांगेत एकटीने सात जागा धरल्या आणि मागचा माणूस रिकाम्या हाताने गेला. बरोबर की चूक?

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. रात्रीच्या जेवणापर्यंत एकशेबारा जणांनी 'चूक' म्हटलं, एकोणीस जणांनी 'बरोबर'. रेइनिएर तर पेटलाच. "ज्याच्या ओळखीचं कुणी नाही, तो कायम मागे. ही मदत आहे की मक्तेदारी?" वाईट मुद्दा नव्हता तो. एका मुलीने विचारलं, "आणि खरंच आजारी असलेल्यांचं काय?" त्यावर दाइमाराने उत्तर दिलं, "सबब प्रत्येकाकडे असते. आपण सबब मोजायला बसलो तर रांग राहणार नाही." टाळ्यांची चित्रं पडली. तीन दिवसांत नियम तयार झाला: एक माणूस, एक जागा. पुढच्या खेपेला गटातली पोरं पहाटे जाऊन फोनवर यादी करणार, दर अर्ध्या तासाने हजेरी घेणार, हजेरीला जो नसेल त्याचं नाव कापणार. अपवाद नाही. शेवटचे दोन शब्द दाइमाराचे.

मिगदालियाने हे बेकरीत सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोइला दाइमाराच्या खिडकीपाशी थांबली.

"काय गं न्यायाधीशबाई, माझा खटला चालवलास म्हणे?"

"काकू, मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"सात कार्डांची म्हातारी या गावात दुसरी कोण आहे? मला विचारायचंस तरी. अठरा पावलांवर राहते मी."

"प्रश्न तत्त्वाचा होता."

"असेल बाई. मी भात शिजवणारी, मला तत्त्व कुठलं कळतंय?" आणि गेली. दाइमाराला हे लागलं. पण तिची समजूत अशी, की ज्याला लागतं त्याचंच काहीतरी चुकलेलं असतं, म्हणून सोइलाचा राग हा सोइलाच्याच चुकीचा पुरावा. रसायनशास्त्रात असा निष्कर्ष कुणी काढला असता तर मी शून्य गुण दिले असते.

बारा दिवसांनी गाडी आली. पोरांनी यादी केली, आणि खरं सांगायचं तर चांगली केली. कुणी घुसलं नाही, कुणी ओरडलं नाही. दाइमारा नववी. सोइला दहावी, हातात एकच कार्ड, स्वतःच्या रक्तदाबाचं. तिच्या सहांपैकी चौघं आलेच नव्हते. एकाची सून आली होती. आणि बेकरीतून निवृत्त झालेला रिगोबेर्तो चार पायांची काठी टेकत स्वतः आला होता, पंधरावा. चेहऱ्याची नस दुखते त्याची, आणि औषध तेच, आर्सेनिओचं. तो भिंतीला टेकून उभा होता, कारण त्याला बसलं की उठवत नाही. दाइमाराने त्याच्याकडे पाहिलं आणि नंतर दुसरीकडे पाहिलं.

नऊला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. मिगदालिया. "धावत ये गं! आर्सेनिओ टांग्याच्या थांब्यावर पडलाय!"

अंगात मुरलेली सवय अशी, की जाता जाता ती मागे वळून म्हणालीच, "काकू, मी तुमच्यापुढे आहे हं. आलेच."

"जा, जा," सोइला म्हणाली.

पन्नास मिनिटांनी ती परतली. बाहीला माती, बापाच्या कपाळावर खोक पडलेली, तो घरी झोपलेला, कानेलोला दुसऱ्या टांगेवाल्याने बांधलेलं. खिडकी अजून उघडायची होती, पण मध्ये दोन हजेऱ्या होऊन गेल्या होत्या. रेइनिएर फोन हातात धरून उभा, चेहरा उतरलेला.

"दाइमारा... नाव कापलं गेलं."

"अरे, बाप पडला तिचा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग? मागच्या महिन्यात माझ्या पोराला ताप होता, तेव्हा कुणी विचारलं?"

"तेव्हा यादी नव्हती, तूच उशिरा आलीस."

"ए, मला शिकवू नकोस!"

सोइला पायरीवरून उठली. "भांडता कशाला? ती माझ्यापुढे आहे. मला सांगून गेली होती." आमच्या गावात या वाक्यानंतर बोलायला काही उरत नाही. चाळिशीच्या पुढच्या सगळ्या माना होकारार्थी हलल्या. पोरांनी मात्र दाइमाराकडे पाहिलं.

"तू सांग," रेइनिएर म्हणाला. "तू म्हणशील ते."

आणि ही म्हणाली, "नाव कापलंय. मी शेवटी उभी राहते."

"वेडी आहेस का?" सोइला म्हणाली. "बरं, उभी राहा शेवटी. कार्ड दे इकडे, माझ्याबरोबर सरकवते."

"नको. एक माणूस, एक जागा."

"पोरी, बाप तिकडे आडवा पडलाय आणि तू मला वाक्यं ऐकवतेस?"

"तुमच्याकडून घेतलं, काकू, तर मग मी तेव्हा कशाला बोलले?" एवढंच बोलली, आणि शेवटी जाऊन उभी राहिली. अठ्ठावन्नावी. फिटच्या गोळ्या तेहतिसाव्या माणसापाशी संपल्या.

मी तिला त्या दिवशी गाढव म्हटलं, आणि ते परत घेत नाही. तिच्या जागी लबाड पोरगी असती तर तिने गोळ्या घेतल्या असत्या आणि संध्याकाळी नियम बदलला असता. पण शहाणी पोरगीही गोळ्या घेऊनच आली असती. या दोघींच्या मधे कुठेतरी दाइमारा उभी होती, आणि तिच्या हट्टाची किंमत आर्सेनिओच्या कपाळाला मोजायला लागणार होती.

संध्याकाळी तिने सगळं गटात सांगितलं, या वेळी नाव घेऊन, स्वतःचं. मी केलं ते बरोबर की चूक? मतं निम्मी-निम्मी पडली. दोनशेच्या वर निरोप आले. फक्त स्पेनमधल्या सारागोसाहून यादिरा नावाच्या मुलीने मत दिलं नाही. तिने विचारलं, "डोस किती लागतो? माझी मावशी एकवीस तारखेला येतेय, तिच्याबरोबर पाठवते."

एकवीस तारखेला अजून सतरा दिवस होते. पण आर्सेनिओच्या डबीत तिसऱ्या दिवशी वीस गोळ्या दिसल्या. दाइमारा रोज मोजायची, त्यामुळे लपणं शक्य नव्हतं.

"बाबा, या कुठून आल्या?"

"सोइलाने आणून दिल्या. रिगोबेर्तोच्या आहेत."

"आणि तुम्ही घेतल्या?"

"नाही, तुझ्या गटात मतदान घ्यायला थांबलो होतो!" आर्सेनिओ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो पोरीवर ओरडला. "पडलेल्या माणसाला कुणी हात दिला तर तो धरायचा असतो. काही कळतं का तुला?"

त्याच आठवड्यात मी पायांची नखं कापून घ्यायला गेले. बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, पण मला ते कुठे जमतंय?

"एक सांग," मी म्हटलं. "त्या मंगळवारी सोइलाच्या सात कार्डांवर औषधं कुठली होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे फिटच्या गोळ्यांचं कार्ड सातांत किती जणांचं?"

कात्री थांबली. सोइला रक्तदाब. पलीकडची आजी साखर. दोघं दम्याचे. एक थायरॉइड, एक हृदय. आणि रिगोबेर्तो.

"एक," ती म्हणाली.

"एक. आणि तुझ्यापुढे त्याच गोळ्यांचे किती उरले होते?"

"तिघं." तिने कात्री खाली ठेवली. "म्हणजे काकूंनी एकच जागा धरली असती तरी मला मिळाल्या नसत्या."

हे साधं गणित तिने केलं नव्हतं. एकशेसाठ जणांनी केलं नव्हतं, कायद्याच्या विद्यार्थ्यानेही नाही. मीही दोन आठवडे उशिरा केलं, तेव्हा माझी पाठ थोपटू नका.

तिने त्याच संध्याकाळी ते गटात सांगितलं. मी चुकले, गणित न करता आरोप केला, त्या बाईंची मी माफी मागते. सत्तावन्न सेकंद. खाली बदामांच्या चित्रांची रांग लागली. पुढच्या खेपेला पोरांनी यादीत सुधारणा केली: ज्यांना उभं राहता येत नाही त्यांची नावं आधीच घ्यायची, आणि कुणाच्या हातून कार्ड आलं तरी चालेल. आता ती पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे. सोइला मात्र पायरीवर बसत नाही. स्वतःच्या नंबराला येते, औषध घेते, जाते. तिच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. त्यावर गट दिसत नाही.

दाइमारा, आता परत तुझ्याशी बोलते. यादिराच्या मावशीने पाकिटं आणली तेव्हा तू त्यातल्या वीस गोळ्या वहीच्या कागदात बांधून माझ्याकडे घेऊन आलीस. "बाई, तुम्ही सोइलाकाकूंना देऊन या ना." मी म्हटलं, "का? तुझे पाय मोडलेत?" तू म्हणालीस, "मला तिथे बोलता येणार नाही." एकशेसाठ माणसांसमोर बोलणारी तू! शेवटी दोघींनी जायचं ठरलं, शनिवारी, चार वाजता. शनिवारी तुझ्याकडे लग्नाची नवरी आली, दहा बोटं आणि वर वेलबुट्टी. पुढच्या शनिवारी माझा गुडघा. त्याच्या पुढच्या शनिवारी तू स्वतःच्या दारापर्यंत आलीस, सोइलाच्या खिडकीत मिगदालिया बसलेली दिसली आणि म्हणालीस, "आज नको, बाई, आज तिथे गर्दी आहे." मीही 'बरं' म्हटलं. मला तुला ओढून नेता आलं असतं. अठरा पावलं तर होती.

पुडी अजून माझ्याकडेच आहे, कपाटात, साखरेच्या डब्याशेजारी.